वालदेकोर्सासची शेवटची नोंद

एवेलिओ गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची बायको ओनोरिना खालच्या मोठ्या गावी नगरपालिकेत गेली. नवऱ्याला स्पेनच्या डोंगरातल्या त्यांच्या गावी, वालदेकोर्सासला, त्याच्या आईशेजारी पुरायचं होतं.

कारकून बेनिग्नो तिच्या ओळखीतला. त्याने गावांची यादी उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"काय रे?"

"मावशी, तिथे आता पुरता येत नाही. तुमचं गाव आधी 'आल्देआ' होतं, वाडी. मग 'कासेरिओ' झालं, दोन-चार घरांची वस्ती. गेल्या वर्षापासून 'देस्पोब्लादो' लिहिलंय."

"म्हणजे ओस."

"हो. ओस गावाचं कब्रस्तान बंद होतं."

"ओस कसं? आम्ही दोघं होतो की!"

"तुम्ही नावं सोरियाला हलवलीत ना."

ती नावं तिनेच हलवली होती. एवेलिओची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा दोघं सोरिया शहरात मुलीकडे राहायला गेली होती. डायलिसिसला नेणारी इस्पितळाची गाडी दारात यावी म्हणून नावं तिथे नोंदवायला हवी होती. एवेलिओ ऐकेना. "माझं नाव हलवलंस तर याद राख," म्हणाला होता. मग एका सकाळी नाव हलवायचा अर्ज औषधांच्या कागदांत घालून तिने त्याची सही घेतली. गाडी येऊ लागली. तो आणखी चौदा महिने जगला. तिने त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

त्याला मोठ्या गावात, कब्रस्तानाच्या भिंतीतल्या सिमेंटच्या खणात ठेवलं. वर एक अनोळखी, खाली एक अनोळखी.

आठवड्याने ती पुन्हा बेनिग्नोसमोर उभी राहिली. "माझं नाव परत वालदेकोर्सासला लाव."

"अहो, वीज तोडलीय तिथली. वर बर्फ आहे."

"लाव म्हटलं ना! गाव ओस नको राहायला." त्याने नाव लावलं.

मुलगी पिलारने तिला गाडीने वर सोडलं. धुराड्यात पक्ष्यांनी घरटी केली होती; चूल पेटवली की खोलीभर धूर. विझवली की हाडं गोठत. ती कोट घालून अंथरुणात बसून राहिली. एवेलिओला त्या सहीचं सांगायचं तिने ठरवलं होतं, पण रिकाम्या घरात तोंडच उघडेना.

तिसऱ्या दिवशी पिलार आली. "आई, चल." ओनोरिना न भांडता उठली. दाराला कुलूप लावायला तिने किल्ली मुलीच्या हाती दिली.

हे बेनिग्नोच्या कानावर गेलं. ती तिथे राहत नव्हती, तेव्हा नियमाने त्याने वालदेकोर्सासच्या यादीतून तिचं नाव खोडायला हवं होतं. त्याने ते तसंच राहू दिलं.