समुद्राजवळची खोली, लातूर

माझ्या लेकाची, सुगताची आण घेऊन सांगते, ह्यातला शबुद न् शबुद खरा हाय. खोटं निघालं तर माझे उरलेले सात दात बी पडू देत. वाटलं तर शेजारच्या मल्लम्माला इचारा, ती आपल्या गच्चीवरून समदं बगत व्हती.

मी पार्वतीबाई. माहेर लोहा, ऱ्हाते लातुरात. आमच्या वरल्या मजल्यावर एक खोली हाय, न्हाणीघरासकट. माझी सून मनिषा शाळेत शिकवती. तिनंच ती खोली मोबाईलवर टाकली, दोन-तीन दिवसांच्या भाड्यानं. लातुरात बाहेरगावची पोरं शिकायला, त्यांचे मायबाप भेटायला येतेत, ते आमच्याकडं उतरतेत. जेवायला बसले की मी गोष्ट काढते. माझ्या आज्यानं वाघ गाडीला जुपला ती, न्हाईतर आमच्या विहिरीत रेडिओ लागायचा ती. घरचे ऐकत न्हाईत. पाहुणा भाडं भरून बसलेला असतो, जातो कुटं?

सुगत हिमायतनगरला नोकरीला. त्याचं वायलंच. "आई, खोली होस्टेलवाल्याला देऊन टाकू. नऊ पोरं ठिवतो म्हणायलाय." नऊ पोरं कानात बोंडं खुपसून पुस्तकात मुंडी घालून बसणार. मग मी गोष्ट कोनाला सांगू, पाण्याच्या टाकीला?

तर खोली टाकली आन् तिसऱ्या दिवशी निरोप आला. 'नमस्कार, तुमचं घर फारच सुंदर आहे.' मला वाटलं पाहुणा! चादर बदलली, शेंगदाण्याची चटणी कुटली. आन् खाली बगते तर, 'आमच्याकडे हॉटेलच्या चादरी घाऊक भावात मिळतील.' मेला.

मग रीघच लागली. साबणाच्या वड्यावाला, फोटोवाला, 'तुमची खोली एक नंबरला आणतो'वाला. एक तर चांगले अभिप्राय इकत होता, डझनावर, केळ्यासारखे. समदे पाहुण्याच्या दारानं घुसायचे. खोली पाहिजे असं दाखवायचं आन् उंबऱ्यात दुकान मांडायचं. अरे, भाकर मागणारा बी सरळ भाकर वाढा म्हणून हात पुढं करतो. 'तुमची भाकर फारच सुंदर आहे' म्हणत न्हाई.

एका बहाद्दरानं लिहिलं, 'तुमच्या समुद्राजवळच्या खोलीचा सगळा कारभार आमची कंपनी बघेल.' समुद्र! ज्या लातूरला रेल्वेनं पाणी आणून पाजलं, तितं ह्याला समुद्र दिसला. शंभर घरांना तेच पत्र चिकटवलं असणार, वाचायची बी तसदी न्हाई.

आता ह्या मोबाईलचा कायदा असा, की निरोपाला दिवसाच्या आत उत्तर गेलं न्हाई तर खोली यादीत खाली घसरती. म्हणून मी मोबाईलमदी बोलून बोलून उत्तरं धाडायची. चादरवाल्याला म्हणलं, तुझ्याच चादरीत तुला बांधून धोब्याच्या दगडावर आपटीन. केळेवाल्याला काय म्हणलं ते हितं सांगत न्हाई, लेकीबाळी वाचतेत. दोघांनी बी तक्रार केली.

मनिषा शाळेतून आली ती तणतणत. "आत्याबाई, दोन तक्रारी झाल्या. तिसरी आली की खोली बंद. मग मी काय बोलू शकत न्हाई, होस्टेलवाला तयारच हाय."

"मग काय त्यांची आरती करू?"

"नुसतं बटन दाबायचं, 'हा पाहुणा नाही' म्हणून. संपलं."

"त्यात काय मजा?"

"मजा करू नका! शिवी द्यायची न्हाई, बस."

शिवी देणार न्हाई, कबूल केलं. मग गोड उत्तर बनवलं, एकच, समद्यांना: 'समक्ष या. आल्यावर हाताला काम देते, मग तुमचं बगू.' दिवस कुरडयांचे व्हते. ज्यांनी कुरडया केल्यात त्यांना ठाऊक हाय, गव्हाचा चीक शिजला की गरम हाय तवरच सोऱ्यातून दाबावा लागतो. गार झाला की गेला. म्हणून त्या दिवशी दारात जो येईल त्याच्या हातात सोऱ्या द्यायचा, ही आमच्या गल्लीची रीतच हाय. तलाठी आला तरी सुटका न्हाई.

शनिवारी सकाळी पयला आला त्यो समुद्रवालाच. सुदर्शन नाव, नांदेडची कंपनी, बुटाला एवढं पालिश की मला माझे सात दात त्यात दिसले.

"आजी, आमचं पॅकेज असं आहे की..."

"बूट काढ. वर चल. हात चालू दे, मग जबान चालव."

गच्चीवर बसवला. दाबून दाबून गड्याचा सदरा वला झाला, पण तोंड थांबंना. "आजी, आजकाल प्रोफेशनल टच लागतो." त्याच्या कुरडया बगितल्या तर जणू कुणी उवा मारून टाकल्यात. मल्लम्मा तिकडून वरडली, "पार्वतीबाई, त्या पोराला समुद्रात बुडवा की!"

तेवढ्यात जिन्यावरून एक बाई आली. काखेत फाइल, हातात पिशवी. आन् तोंड उघडलं ते, "नमस्कार, तुमचं घर लई सुंदर हाय."

ही बी इकणाऱ्यातलीच! मी इचारलं बी न्हाई. दुसरा सोऱ्या हातात दिला. बाई बसली की पदर खोचून! हात असा फिरवला, कुरडई कशी, चाकासारखी गोल. घंटाभर दाबत ऱ्हायली, पर फाइल काय उघडंना. मलाच ऱ्हावंना.

"काय इकायचंय ते काढा एकदाचं."

"मी काय इकू, अक्का? मी शरणम्मा, देगलूरकडची. माझ्या स्वप्नालीची उद्या डॉक्टरकीची परीक्षा हाय, हितंच. तुमची खोली मागितली व्हती, तर तुमचा निरोप आला, आधी हाताला काम देते, मग बगू. म्हणलं, असल लातूरची रीत. ही फाइल तिच्याच परीक्षेच्या कागदांची. पोरगी खाली पायरीवर वाचत बसलीय."

माझ्या हातातला उलथना पडला. परीक्षेची पोर पायरीवर, माय गच्चीवर राबायलीय! मी शरणम्माचे हात धरले. "बाई, चुकलं माझं. तक्रार तेवढी करू नका. तिसरी आली की माझी खोली बंद व्हती."

सुदर्शननं ते ऐकलं. सोऱ्या ठिवून उठला, हात पुसत. "बघा आजी, म्हणूनच मॅनेजमेंट लागतं. कागदावर सही करा, मी मिटवतो. नाहीतर काकूंना तक्रार मीच लिहून देतो. पाहुण्याला राबवलं, फोटो पण आहेत." आन् खरंच, गड्यानं मोबाईल पुढं केला.

माझं तोंड उघडलं व्हतं, शिवी जिभेवर आली व्हती. मनिषाला दिलेला शबुद आठवला, गिळली. आयुष्यात एवढी कडू गोष्ट मी गिळली न्हाई.

शरणम्मा उठली. आधी त्याच्या ओळीतल्या कुरडया बगितल्या, मग त्याच्याकडं. "मला लिहायला येतं, बाबा. माझं मी लिहीन. तुला साधी कुरडई येईना, आन् तू ह्यांचं घर सांभाळणार?" आन् जिन्याकडं बोट केलं. "होगप्पा, होगु!"

कानडी येत नसलं तरी कळलं त्याला. एक बूट पायात, एक हातात, असा गेला.

पोरीला वर आणली, खोली उघडली, कुलर लावला, गरम चीक गूळ-दूध घालून वाटीत दिला. भाडं घेतलं न्हाई. तरी माझा जीव सोमवारपातूर टांगलेला, कारण जाताना शरणम्मा नुसती हसली, काय लिहिणार ते बोलली न्हाई.

सोमवारी मनिषानं वाचून दाखवलं. 'मालकीणबाई आल्या आल्या कामाला लावतात. हात चालला की घोर विसरतो. माझी पोरगी घरच्यासारखी झोपली. पाच तारे.' तवापासून चार पाहुण्यांनी इचारलंय, कुरडया पुन्हा कधी? सुगतनं होस्टेलवाल्याला फोन करून नको म्हणलं. तिसरी तक्रार आलीच न्हाई.

एवढं समदं खरं. फक्त एक गोष्ट मी पदरची घातली, दाताची भीती वाटायली म्हणून सांगते. तारे पाच न्हवते, चार व्हते. पाचवा शरणम्मानं कापला. खाली लिहिलं व्हतं, 'खोली चांगली. पण आजी वाघाची गोष्ट सांगायला लागल्या की थांबत नाहीत. परीक्षा असेल तर दाराला आतून कडी लावावी.'