आधी तुम्ही, व्याहीबुवा

या सहलीतून बेकरीवाल्यांना काय कमवायचं होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यांना एक जावई कमवायचा होता. तसा तो मिळाल्यात जमा होता. लग्न ठरलं होतं, तारीखही निघाली होती. पण बेकरीवाल्यांना नुसता जावई नको होता, राहता जावई हवा होता. बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत मुलगी आणि जावई राहायला आले, तर खालची भट्टी चालू राहणार होती. मुलगी सासरी गेली, तर भट्टी विझणार होती. कारण बेकरीवाल्यांचा उजवा खांदा कामातून गेला होता. पावांनी भरलेला ट्रे भट्टीतून ओढायचा, तसाच वळून तो वरच्या फळीवर चढवायचा, हे काम बरेच दिवस मुलगीच करत होती. बाप गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना सांगे, "शिकू दे तिला सगळं. मी किती दिवस करणार?" खांद्याची गोष्ट घरातल्या दोन बायकांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती, आणि ती कळू न देण्यात बेकरीवाल्यांनी जेवढी ताकद घालवली तेवढीत एक छोटी बेकरी चालली असती.

अडचण मागण्याची होती. मुलाच्या बापाला "तुमचा मुलगा आमच्याकडे राहायला पाठवा" हे कोणत्या तोंडानं म्हणायचं? त्या प्रकाराला आपल्याकडे एक शब्द आहे, घरजावई, आणि तो नुसता कानावर पडला तरी भल्याभल्या बापांची मान ताठ होते. त्यातून हे होणारे व्याही विमा विकणारे. गोड बोलून माणसाला त्याच्या स्वतःच्या मरणाचा हप्ता भरायला लावणारा माणूस. त्याच्याशी घासाघीस करायची म्हणजे कठीणच.

मुलं मात्र हुशार निघाली. राहायचं कुठे, यावर दोन्ही घरांत सगळे नुसतेच "तुम्ही म्हणाल तसं" म्हणतायत, हे पाहून दोघं एक दिवस चौघा आईबापांसमोर उभी राहिली. मुलगी म्हणाली, "आम्हाला दोन्हीकडे चालेल. तुम्ही ठरवा. पण दोन्ही बाबांनी एका सुरात सांगायचं. नंतर कुणी कुणावर रुसायचं नाही." आणि ठरवायला निवांत वेळ मिळावा म्हणून त्यांनी चौघांना एका सहलीत घालून टाकलं: आठवडाभर समुद्राच्या कड्यांवरून पायी चालायचं, वाटेत लागेल त्या गावात मुक्काम, सोबत वाटाडी.

वाटाडी म्हणजे उन्हानं रापलेली एक बाई, गळ्यात शिट्टी, पायांत झिजलेले पण तेल लावून मऊ ठेवलेले बूट. पहिल्या सकाळी तिनं चौघांना मुक्कामाच्या घरासमोर उभं केलं.

"माझ्यापुढे कुणी जायचं नाही. फोटो काढताना कड्याच्या दिशेनं मागं सरकायचं नाही. शिट्टी वाजली की जिथं असाल तिथं थांबायचं. बाकी तुम्ही काय बोलता, कुणाशी भांडता, याच्याशी माझा संबंध नाही."

"भांडायला कोण आलंय, ताई?" विमावाले हसले. "आम्ही व्याही आहोत."

"आठवडा आहे," वाटाडी म्हणाली आणि चालू लागली.

किनारा असा होता की कुणालाही बोलता बोलता गप्प बसवावं. काळे कडे सुरीनं कापल्यासारखे सरळ खाली उतरलेले. तळाशी समुद्रानं खडकातून आरपार कमान कोरलेली, तिच्यातून लाट आत शिरे आणि ढेकर दिल्यासारखा आवाज करत बाहेर पडे. कड्याच्या कपारींत पांढरे पक्षी नाटकाच्या बाल्कनीत बसल्यासारखे दाटीवाटीनं बसलेले, आणि सगळे एकदम बोलणारे. वारा असा की टोपी घालायची तर हाताशी एक माणूस टोपी धरायला हवा.

पण आपले दोघं व्याही हे सगळं बघत कुठे होते? ते एकमेकांना बघत होते. वाटेत जागोजागी मेंढ्यांसाठी लाकडी फाटकं होती, एका वेळी एकच माणूस जाईल एवढी. प्रत्येक फाटकाशी बेकरीवाले बाजूला सरून कमरेत वाकत. "या, आधी तुम्ही." विमावाले दोन पावलं मागे जात. "छे, छे, असं कसं? आधी तुम्ही." पहिल्या मुक्कामी समुद्राकडची खोली बेकरीवाल्यांनी विमावाल्यांना दिली. दुसऱ्या मुक्कामी विमावाल्यांनी ती हट्टानं परत केली. बेकरीवाले व्याह्यांची पिशवी डाव्या खांद्यावर घेऊन चढ चढले. विमावाल्यांनी त्याच दुपारी त्यांची पाण्याची बाटली भरून आणली, वर टोपण लावून, पुसून. बेकरीवाल्यांना वाटे, माणूस फारच मानी दिसतोय, पैचाही उपकार ठेवून घेत नाही, याच्यापुढे विषय काढायचा कसा?

बायका मागून येत होत्या, आणि मागून येणाऱ्यांना नेहमीच जास्त दिसतं.

दीपगृहाच्या चढावर विमावाल्यांच्या बायकोनं श्वास घेण्याच्या निमित्तानं विचारलं, "विहीणबाई, तुमच्या बेकरीवर त्या दोन खोल्या आहेत ना, त्यांची दारं जाड आहेत का हो?"

"दारं?"

"म्हणजे, आत कुणी मोठ्यानं बोललं तर खाली ऐकू येतं का?"

"खाली यंत्र चालू असतं. वर बाँब पडला तरी ऐकू येणार नाही. का?"

विमावाल्यांच्या बायकोनं आजूबाजूला पाहिलं. पक्ष्यांखेरीज कुणी नव्हतं. "आमचा मुलगा घरून काम करतो. दिवसभर कानाला ते लावून कुणाकुणाशी बोलतो. त्याचं बोलणं सुरू झालं की आम्ही दोघं आपल्याच घरात चोरासारखं चवड्यांवर चालतो. मिक्सर लावायचा नाही, टीव्ही लावायचा नाही. मागे एकदा ह्यांना शिंक आली तर हे उशीत तोंड खुपसून शिंकले. उद्या सून आली म्हणजे आणखी एक माणूस चवड्यांवर. पण पोटच्या पोराला 'जा बाबा' म्हणायचं कसं? तोही शहाणा, म्हणतो आईबाबांना सोडून मी कसा जाऊ! हे तर पहिल्या दिवसापासून तुमच्या ह्यांच्या पुढेपुढे करतायत ते त्यासाठीच. म्हणतात, व्याह्यांनी स्वतःहून मागितलं तर बरं, आपण दिलं तर लोक म्हणतील पोराला घराबाहेर काढलं."

बेकरीवाल्यांची बायको तिथल्या तिथे दगडावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तिनं खांद्याची गोष्ट सांगितली. मग दुसरी हसली.

"सांगू या का ह्यांना?" विमावाल्यांची बायको म्हणाली.

"सांगू की. घाई काय आहे?" बेकरीवालीण डोळे पुसत म्हणाली. "काल आमच्या ह्यांनी तुमच्यासमोर माझ्या बुटांची नाडी बांधून दिली. इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही, तुझे पाय आहेत कुठे म्हणून."

"आमचे हे सकाळी मला म्हणाले, 'तू बस, चहा मी आणतो.' मी आधी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय का."

"असू दे मग."

आणि असू दिलं.

पुढे एके दिवशी वाट कड्यावरून खाली उतरून वाळूत आली. पलीकडच्या खाडीत जायला सुळक्याच्या पायथ्यानं ओल्या वाळूवरून जावं लागत होतं, आणि मध्ये दोन खडकांच्या बेचक्यातून एकेकानं निघायचं होतं. वाटाडी थांबली. "ओहोटी आहे तोवर पलीकडे जायचं. पाणी चढायला लागलं की झपाट्यानं चढतं. रेंगाळायचं नाही." ती गेली. बायका तिच्यामागून बेचक्यातून सटकन निघाल्या. राहिले दोन पुरुष.

"या, व्याहीबुवा," बेकरीवाले बाजूला सरले.

"छे, आधी तुम्ही."

"अहो, तुम्ही मुलाकडचे. तुमच्याआधी मी पाऊल टाकलं तर ही मला घरात घ्यायची नाही."

"मुलाकडचे, मुलीकडचे, हे आता जुनं झालं. तुम्ही वयानं मोठे."

"मी मोठा? तुमच्या डोक्यावर एक केस नाही!"

"केसांचा आणि वयाचा काय संबंध? ते मला पंचविशीतच सोडून गेले."

"बरं, मग बरोबर जाऊ."

बरोबर जाण्यासारखं ते बेचकं नव्हतं, आणि त्या दोघांची पोटंही नव्हती. दोघं एकाच वेळी आत शिरले आणि अडकले. "तुम्ही मागे व्हा." "नको, मी होतो." दोघंही मागे झाले, पुन्हा एकमेकांकडे पाहून हसले, पुन्हा वाकले. आणि तेवढ्यात लाट आली आणि चारही बूट गिळून गेली.

पलीकडून शिट्टी किंचाळली. "मागे फिरा! आता इकडे यायचं नाही! मागचा उंच खडक दिसतोय का? त्यावर चढून बसा!" आणि मग, सबंध सहलीत पहिल्यांदाच आवाज चढवून, "जो जवळ असेल त्यानं आधी चढायचं!"

जवळ बेकरीवाले होते. त्यांनी डाव्या हातानं कपार धरली, उजवा हात वर न्यायला गेले, आणि तो हात छातीशीच थांबला. पुन्हा प्रयत्न केला. तोंडातून आवाज निघाला, हात वर गेला नाही. पुढची लाट गुडघ्यांपर्यंत आली. विमावाल्यांनी मग मान, पान, वय, सगळं बाजूला ठेवलं, आपला खांदा व्याह्यांच्या बुडाखाली लावला आणि टेम्पोत कपाट चढवावं तसं त्यांना वर ढकललं. मागून स्वतः चढले.

पलीकडे बेकरीवालीण वाटाडीला विचारत होती, "बुडतील का हो?"

"नाही. तो खडक कधी बुडत नाही. पाणी ओसरलं की मी जाऊन घेऊन येते. पण तोवर दोघांना एकमेकांशी बोलत बसावं लागेल."

"मग चालेल," दोघी विहिणी म्हणाल्या आणि चहाची बाटली उघडून बसल्या.

खडकावर दोघांनी बूट काढून उपडे केले. मग विमावाले म्हणाले, "हे खांद्याचं कधीपासून?"

"कसलं? घसरलो जरा."

"व्याहीबुवा, मी विमा विकतो. लोक आयुष्यभर माझ्यापासून दुखणी लपवतात. समोर बसून खोकला गिळणारी माणसं पाहिलीयत मी. तुमचा हात वर जात नाही. ट्रे कोण उचलतं?"

बेकरीवाल्यांनी समुद्राकडे पाहिलं. "मुलगी."

"आणि लग्नानंतर?"

"तेच तर." आता लपवायला काही उरलं नव्हतं, आणि पळायला जागाही नव्हती. "ती गेली की कुलूप. इतके दिवस तुम्हाला विचारीन विचारीन म्हणतोय. पण तुमचा एकुलता एक मुलगा, भरलं घर, आणि मी म्हणणार की माझ्याकडे पाठवा. कसं विचारू? तुम्ही म्हणाल, घरजावई करायला निघाला."

विमावाल्यांनी मान खाली घातली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. बेकरीवाल्यांना वाटलं माणूस रडतोय. त्यांनी घाबरून त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"अहो," विमावाले हसण्यातूनच म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून तुमच्या बाटल्या भरतोय ते मुलगा तुमच्याकडे खपवायला! हयातभर पॉलिसी खपवल्या, पण घरचा एक मुलगा खपवता येईना. तुम्ही मागतच नव्हता. मला वाटलं, तुम्हाला तो पसंतच नाही."

"पसंत नाही? अहो, मी त्याच्यासाठी तुमची पिशवी वाहिली!"

खडकाच्या माथ्यावर फोन लागत होता. विमावाल्यांनी मुलाला फोन लावला, मुलगी तिथेच होती. दोघांनी तोंडं फोनजवळ आणली, मान डोलावून ताल धरला आणि एका सुरात ओरडले, "बेकरी!"

मग मुलगी, "बाबा, तुम्ही आहात कुठे? हा आवाज कसला?"

"लाटांचा. आम्ही मजेत आहोत."

"आधी कुणी विचारलं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "ह्यांनी," दोघंही एकदम म्हणाले.

मागून मुलाचा आवाज आला. "चालेल की, बाबा. मला कुठेही चालेल." बेकरी कधी उघडते हे त्यानं विचारलं नाही. व्याह्यांनीही सांगितलं नाही.

पाणी ओसरल्यावर वाटाडी त्यांना घेऊन आली. त्यांनी मोठ्या थाटात निकाल जाहीर केला. बायकांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसेना.

"तुम्हाला माहीत होतं?" विमावाल्यांनी विचारलं.

"दीपगृहापासून," त्यांची बायको म्हणाली आणि चहाचा कप पुढे केला. चहा गार झाला होता.

उरलेल्या वाटेवर "आधी तुम्ही" असं कुणी कुणाला म्हणालं नाही. फाटक दिसलं की दोघं व्याही पोरांसारखी शर्यत लावत, आणि बायकांना आपल्या नाड्या आपणच बांधाव्या लागल्या. वाटाडीनं शेवटच्या दिवशी चौघांचे हात हातात घेऊन सांगितलं की तिनं या किनाऱ्यावर माणसं घसरताना पाहिली होती, भांडताना पाहिली होती, पण सभ्यपणानं अडकलेली पहिल्यांदाच पाहिली.

आता कोणाला काय मिळालं ते बघू. बेकरीवाल्यांना भट्टी मिळाली आणि खांदा उघडपणे दुखू द्यायची मुभा मिळाली. आता ते गिऱ्हाइकांसमोरही कण्हतात, आणि त्याचा त्यांना कोण आनंद आहे. विमावाल्यांच्या घरी दोघं मनसोक्त शिंकतात. मुलीला तिची बेकरी राहिली. बायकांचे ते थोडे लाडाचे दिवस त्यांनी वसूल करून घेतले, ते कुणी परत मागू शकत नाही. या सगळ्याची किंमत कुणी मोजली म्हणाल, तर नव्या जावयानं. जो माणूस सूर्य उगवताना कधी पाहत नव्हता, तो आता अंधारात उठतो, जाड हातमोजे घालून भट्टीतून ट्रे ओढतो, वरच्या फळीवर चढवतो आणि मग अंगाला पावाचा वास घेऊन कामाला बसतो. बायको म्हणते, त्याला जमायला लागलंय. सासरे म्हणतात, अजून वळताना कोपर बाहेर जातं. तो स्वतः काही म्हणत नाही, कारण दुपारचं जेवण झालं की तो झोपलेला असतो. समुद्र तेवढा त्यानं अजून पाहिलेला नाही.