एकोणपन्नासावा पत्ता

सकाळी दिवा लावला की तो आपोआप शांत होईपर्यंत मी बोलत नाही. अकरा वर्षं झाली या नेमाला. मामंजी पाहुण्यांना कौतुकाने सांगतात, "आमच्या सूनबाईंचं मौन म्हणजे घरातली सोय. काय ठरवायचं ते तेवढ्यात ठरवून घ्यावं, उलट शब्द येत नाही." पाहुणे हसतात. मीही हसत आले.

वर्ष सरायला आलं की शुभेच्छापत्रांचं काम निघतं, आणि मामंजी ते नेमकं माझ्या दिव्याच्या वेळेला काढतात. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. आता पत्ते घरच्या कॉम्प्युटरवर छापतो, पण शिस्त छापखान्याचीच. आधी साध्या कागदावर नमुना. तो लेबलांच्या कागदावर ठेवून खिडकीशी उजेडात धरायचा. एखादी ओळ चौकटीला जरा घासली की ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पुन्हा सगळं सरकवायला लावायचं. पत्रांवर सह्या मामंजींच्या, कॉम्प्युटर ह्यांचा, आणि लेबलं सोलून चिकटवणारे हात माझे.

एका कागदावर चोवीस लेबलं, पत्ते अठ्ठेचाळीस. म्हणून मामंजींनी प्रिंटरमध्ये मोजून दोनच कागद ठेवले. जास्तीचा ठेवणं म्हणजे त्यांच्या मते गबाळेपणा.

दोन्ही कागद सुरेख छापून आले. मग प्रिंटरचा तांबडा दिवा लुकलुकायला लागला. त्याला आणखी कागद हवा होता.

"झाले की अठ्ठेचाळीस!" मामंजी म्हणाले. "आता काय माझं मृत्युपत्र छापायचंय याला?"

ह्यांचा चेहरा उतरला. "मी बंद करतो, बाबा."

"बंद कशाला? बघू तरी काय म्हणतोय." तिसरा कागद त्यांनी स्वतःच सरकवला.

वरच्या कोपऱ्यात एकच पत्ता उमटला. बाकी तेवीस जागा कोऱ्या. पत्ता वन्संचा होता.

तीन वर्षांपूर्वी माझ्या ह्या नणंदेने सासर सोडलं. माहेरीही आल्या नाहीत. एक खोली घेतली आणि बस चालवायला लागल्या. मामंजी तेव्हा म्हणाले होते, "या घरातून तिच्या नावाने कागद जाणार नाही." गेला नाही. अठ्ठेचाळीस पत्रांत मात्र दरवर्षी छापलेलं असायचं, 'आम्हा सर्वांकडून'.

"यादीतून पुसायला सांगितलं होतं ना तुला?"

"दरवर्षी छापताना वगळायचो, यंदा ओळ नुसती लपवून ठेवली होती," हे पुटपुटले. "पुसायला हात धजला नाही. लपवलेली ओळसुद्धा छापून येते हे मला काय माहीत!"

"गाढवा, खिळा काढायचा म्हणजे काढायचा. झाकून ठेवलास तर त्याला शाई लागणारच." मामंजींनी तो कागद माझ्यापुढे लोटला. "सूनबाई, हा टाकून दे आणि बाकीचे चिकटवायला घे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी गप्प, म्हणजे हो. तीन वर्षांपूर्वीही असंच झालं होतं. तेव्हाही दिवा तेवत होता, आणि मी मनाशी म्हटलं होतं, नेम मोडायला नको. नेमाच्या आडोशाला मी किती सुखात बसले होते ते देवाला ठाऊक होतं, मलाही.

मी दिव्याकडे पाहिलं. तेल अजून बरंच होतं.

"टाकणार नाही," मी म्हणाले.

"सूनबाई! तुझं मौन..."

"मोडलं, मामंजी. देवापुढे मी नाक घासेन. पण खोटं न बोलण्याचाही माझा नेम आहे. तो मी दरवर्षी अठ्ठेचाळीस वेळा मोडते, त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. 'आम्हा सर्वांकडून' छापायचं आणि त्या सर्वांतून घरची लेक वगळायची."

"घर माझं आहे."

"आहेच. हात माझे आहेत. वन्संचं पत्र बाकीच्यांबरोबर जाणार नसेल तर मी एकही लेबल लावणार नाही."

"नको लावूस. आम्हाला हात नाहीत की काय?"

त्यांनी लेबलांचा पहिला कागद ओढून घेतला. एके काळी डोळे मिटून खिळे उचलणारी बोटं, पण आता थरथरतात. पहिलं लेबल अंगठ्याला चिकटलं, दुसरं पहिल्याला. तिसरं लिफाफ्यावर पोचलं, पण तिरकं. तिरकी ओळ त्यांना जन्मात सोसलेली नाही.

"तू काय बघत बसलायस? धर!" ते ह्यांच्यावर ओरडले.

ह्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "मला नाही जमायचं, बाबा."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवरा इतका देखणा मला कधी दिसला नव्हता.

मी वन्संचं लेबल सोललं, एका जास्तीच्या लिफाफ्यावर सरळ बसवलं, आत एक उरलेलं पत्र सरकवलं आणि लिफाफा गठ्ठ्याच्या वर ठेवला. तीन दिवस गठ्ठा टेबलावर पडून होता. जेवताना आम्ही तो सरकवून ताटं मांडत होतो. मामंजींना दोनदा फोन आले, "यंदा पत्र नाही का?" म्हणून. दोन्ही वेळा ते टपाल खात्यावर घसरले.

चौथ्या दिवशी मी दिवा लावून बसले होते. मामंजी आले. गठ्ठा, लेबलांचे कागद, सगळं माझ्यापुढे ठेवलं. वन्संचा लिफाफा वरच होता.

"घे," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "सगळीच लाव."

मी लिफाफ्यातलं पत्र काढलं. सहीची जागा कोरी होती. पत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि त्यावर त्यांचं पेन.

"म्हणजे सहीसुद्धा?"

मी गप्प. दिवा तेवत होता, नेम चालू होता.

मामंजी उभेच राहिले. पण आता माझ्या गप्प बसण्याचा अर्थ 'हो' होत नाही, हे त्यांना कळलं होतं. पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला, तेव्हा मी पहिलं लेबल सोललं.