तेलावर आलेला आळ

मी तारेची फेटणी बोलतेय. व्हिस्क म्हणालात तरी ओ देईन. अकरा तारा आणि एक लाकडी मूठ, एवढंच माझं अंग. तारा मुठीत बसवताना कारागिराचा अंगठा कापला आणि त्यानं मला शिवी हासडली. माणसाच्या तोंडून ऐकलेला तो माझा पहिला शब्द.

दुकानात वर्षभर लोंबत होते. मग एका बाईनं मला उचललं, हवेत दोनदा फिरवलं आणि बाकीच्यांकडे ढुंकूनही न बघता घरी नेलं. ती कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये सॅलडच्या टेबलावर कामाला होती. नवरा नुकताच गेला होता, मुलगा शाळेत होता. कामावरून आली की ती घरी मेयोनेज आणि सॅलडवर घालायचं ड्रेसिंग करून बरण्या भरायची.

तिच्या मेयोनेजमध्ये अंडं नसायचं. घरी विरजलेलं दही फडक्यात टांगून ती त्याचा चक्का करायची. वाडगं हलू नये म्हणून खाली ओलं फडकं. चक्क्यात मीठ, मोहरीची पूड, लिंबू. मग ऑलिव्हचं घाण्यावर काढलेलं कच्चं तेल, आधी थेंब थेंब, नंतर सुतासारखी धार. घाई केली की सगळं फाटतं. "लेकराला पाजतात तसं तेल पाजायचं," ती मुलाला सांगायची. मी गोल गोल फिरत राहायचे आणि हळूहळू ते दाट होऊन माझ्या तारांना धरून बसायचं. वाडगं उलटं केलं तरी पडायचं नाही.

तेल द्यायचा तिच्या नवऱ्याचा मित्र. त्याचा घाणा होता. तेल हिरवट, घशाला जरा झोंबणारं. प्रत्येक डबा ती उघडून चमचाभर चाखायची आणि तो दारात उभा राहून तिच्या चेहऱ्याकडे बघायचा. तिनं मान हलवली की मगच डबा आत यायचा. वहिनींच्या जिभेला पसंत पडलं की आपल्याला जगात कुणाची भीती नाही, असं तो म्हणायचा. तिच्या मुलाला सायकल शिकवली ती त्यानंच.

मुलगा मोठा झाला, लग्न झालं, त्यानं या बरण्यांचं दुकान काढलं. हॉटेलं बरण्या मागू लागली. तोवर बाईचं मनगट सुजायला लागलं होतं. एके दिवशी मुलानं फिरत्या पात्याचं, फेटायचं यंत्र आणलं. "आई, आता तुझा हात थांबव," म्हणाला. त्यानं ते मायेपोटीच आणलं होतं, हे मी कबूल करते. मला मात्र खुंटीवर जागा मिळाली. बाईकडे आता एकच काम उरलं, तेल चाखून घ्यायचं.

यंत्राचा पहिला माल दिसायला दृष्ट लागण्यासारखा होता. तिसऱ्या दिवशी एका हॉटेलचा आचारी स्वतः बरण्यांचं खोकं परत घेऊन आला आणि चाखून बघा म्हणाला. मुलानं चाखलं आणि थुंकलं. बाईनं चाखलं. कडूजहर. औषधासारखं जिभेच्या मुळाशी चिकटणारं.

मला कळलं होतं. ते तेल नाजूक असतं. पात्यानं सपासप कापलं की त्यातला कडूपणा वर येतो. पण यंत्र नवंकोरं, चकचकीत. त्याच्यावर कोण संशय घेणार?

घाणेवाल्याला बोलावलं. त्यानं त्याच डब्यातलं पळीभर तेल सगळ्यांसमोर पिऊन दाखवलं आणि म्हणाला, "यात काही खोट नाही. वहिनी, तुम्हीच चाखला होतात ना हा डबा?"

मुलगा आईकडे वळला. "आई, खरं सांग. तेल खराब होतं, की तुझी जीभ गेली?"

सून ओट्याशी उभी होती. आईंनी आता आराम करावा, स्वयंपाकघरात एखादी बाई ठेवू, असं ती महिनाभर सुचवत होती, चांगल्या मनानंच. हात यंत्रानं घेतले होते. जीभही गेली, तर त्या घरात आपण कोण, हे बाईच्या चेहऱ्यावर मला लख्ख वाचता आलं.

"तेलच खराब होतं," ती म्हणाली. "चाखताना मला सर्दी झाली होती."

घाणेवाल्यानं डब्याला झाकण लावलं, नीट दाबून. "बरं, वहिनी," एवढंच बोलला आणि गेला.

पुढे बाजारातलं रिफाइंड, बेचव तेल आलं. ते यंत्रात कडू होईना. मग तर तेलच वाईट होतं यावर शिक्कामोर्तब झालं. मुलानं भेटेल त्या आचाऱ्याला सावध केलं. घाणेवाल्याची गिऱ्हाइकं एकेक करून गळाली.

तीन महिन्यांनी कपाट आवरताना बाईला त्याच डब्यातून काढून ठेवलेली बाटली सापडली. घरात कुणी नव्हतं. तिनं मला खुंटीवरून काढलं, मनगट दुखत असतानाही थोडं मेयोनेज फेटलं आणि चाखलं. जसं पूर्वी व्हायचं तसंच. मग त्याच बाटलीतलं तेल तिनं यंत्रात घातलं. कडू. उरलेल्या तेलाच्या बाटलीला तिनं बूच लावलं.

दुसऱ्या दिवशी वाडगं, चक्का, उरलेलं तेल आणि मी, अशी पिशवी भरून ती घाण्यावर गेली. त्याच्यासमोर फेटून दाखवायचं होतं तिला. तिथे घाण्याचे सुटे भाग टेम्पोत चढत होते. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, मग पायरीवर बसून फेटायला घेतलं. हमालही थांबून बघू लागले.

त्यानं बोट बुडवून चाखलं. "छान झालंय."

"माफ करा, भाऊजी. यंत्राचं मला ठाऊकच नव्हतं."

"यंत्राचं नव्हतं ठाऊक, मान्य," तो म्हणाला. "पण तेल चांगलं आहे, हे तर त्या दिवशीही ठाऊक होतं ना, वहिनी?"

तिनं वाडग्यावर फडकं झाकलं. टेम्पो निघून गेला.

घरी येऊन तिनं मला धुतलं, एकेक तार पुसली आणि ओट्याखालच्या खणात ठेवलं. मुलाला तिनं आजवर काही सांगितलेलं नाही. मी खणात पडून आहे. मुठीला भेग गेली आहे. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर तेल हळू सोडा, आणि काही कडू झालंच, तर आधी स्वतःला नीट विचारा.

तेलावर आळ आला त्या दिवशी मी गप्प राहिले, कारण मला तोंड नाही. तिला होतं.