तिसऱ्या खांबाचा दाखला

सचिवांनी पुढे केलेला पुलाच्या सुरक्षिततेचा दाखला तिने सही न करताच परत सरकवला आणि त्यावर आपला राजीनामा ठेवला.

खिडकीतून नवा पूल दिसत होता. कठड्यांना पताका लागल्या होत्या. संध्याकाळी पाचला उद्घाटन. तिसरा खांब मात्र पंधरा दिवसांत दोन इंच खचला होता. हे मुख्य अभियंता म्हणून तिनेच मोजलं होतं, तीनदा.

"दोन महिने पूल बंद ठेवा, साहेब. मग नाचत येऊन सही करते."

"तुम्ही गेल्यानं काय होणार, मॅडम? तुमच्यानंतर सहीचा अधिकार फक्त उपअभियंत्यांना. त्यांनी सही केली की झालं."

"असेल. माझ्या सहीनं त्यावरून गाड्या जाणार नाहीत, एवढंच."

ती बाहेर आली. परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन बाहेर पडावं तसं अंग हलकं झालं होतं. दुखरा गुडघा विसरून ती दोन जिने उतरली आणि तिथूनच नवऱ्याला फोन लावला.

"अहो, सोडली मी नोकरी."

"मग जेवायला घरी येतेस? भात वाढवायला हवा."

ती खळखळून हसली. तेवढ्यात उपअभियंता जिना चढताना दिसले. आठ वर्षं त्या माणसाचा डोळा तिच्या खुर्चीवर होता. फाइलींपलीकडे दोघांचं कधी बोलणं झालं नव्हतं. ते कॉलर सारखी करत, तिच्याकडे न बघता वर गेले.

तिचं हसू मावळलं. घरी जाववेना. दोन जिने परत चढून ती सचिवांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसली. पाचपर्यंत वेळ होता. उपअभियंत्यांनी सही केलीच तर वर्तमानपत्राच्या कचेरीत जायचं, सगळी मापं त्यांच्यापुढे ठेवायची. ती फोनवर पत्ता शोधू लागली.

आत आवाज चढला. तो सचिवांचा होता.

दार उघडलं. उपअभियंता बाहेर आले, कपाळ घामाने डबडबलेलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तिच्या शेजारी अवघडून टेकले.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "राजीनामा हाताने लिहिलेला चालतो ना?"

जरा सरकून तिने त्यांना नीट बसायला जागा करून दिली.

"चालतो," ती म्हणाली. "तारीख तेवढी विसरू नका."