दोन वेळची धार

निशिगंधाला एम.एस्सी.ला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एक कोल्हापुरातल्याच खासगी कॉलेजात, घरापासून सायकलवर दहा मिनिटं. दुसरा पुण्याच्या नावाजलेल्या संस्थेत. कळवायला तीन दिवस उरले होते. शाहूपुरीतले हंबीरकाका मोबाइलवर पुण्याच्या संस्थेचा देशातल्या यादीतला नंबर दाखवून गेले. स्वतः कॉलेजची पायरी चढले नाहीत, पण नंबर सांगायला काय जातंय?

"नंबर काय, इकत बी मिळतो," निशिगंधा म्हणाली. "मी हितंच शिकणार."

तिचा बाप केरबा मनातून सुखावला. बायको गेल्यापासून गोठा बापलेकच ओढत होते. पण त्यानं जन्मभर म्हशी पारखल्या होत्या. लबाड माणूस एक वेळची धार चुकवतो आणि तुंबलेली कास दाखवून म्हैस गळ्यात मारतो. म्हणून केरबा न सांगता विकणाऱ्याच्या दारात जाऊन बसायचा. संध्याकाळची आणि सकाळची, दोन्ही धारा बघितल्याशिवाय इसार द्यायचा नाही.

त्यानं पुण्याची एसटी धरली. कास तुंबवलेलीच निघू दे, असं वाटभर घोकत गेला. बापच तो, त्यात लपवायचं काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी परतला. निशिगंधा वैरण टाकत होती. वैरणीच्या भाऱ्यावर टेकून त्यानं सगळं सांगितलं. मोठ्या साहेबाकडं तो फिरकलाच नव्हता. प्रयोगशाळेच्या शिपायाला तंबाखू मळून देत दाराशी बसला. संध्याकाळी एका पोरीनं मॅडमची चूक काढली. मॅडमनी ती मान्य केली, फळा पुसला, पुन्हा मांडलं. सकाळी आठला बघतो तर त्याच मॅडम, तीच पोरगी, वाद अजून चालूच.

"लई शोधली खोट. गावली न्हाय," तो म्हणाला. "कास खरी हाय, पोरी."

"आणि हितलं कॉलेज?"

"तिथं परवाच बसून आलतो. दोन्ही वेळंला प्रयोगशाळंला कुलूप."

निशिगंधानं पाटी खाली ठेवली. मग खरं ते बोलली. "धार कोण काढणार, आबा?"

"तू जन्मायच्या आधी मी काय रेडकागत बघत बसायचो व्हय?"

तो उठला. दुखरा गुडघा तिला दिसू नये म्हणून ताठ चालत गेला. तिला दिसलाच.

त्या संध्याकाळी तिनं पुण्याला होकार कळवला आणि बादली घेऊन बापाशेजारी बसली.

"मी बी न सांगता येणार," ती म्हणाली. "दोन्ही धारा बघणार. गुडघा लपवायचा न्हाय."

केरबा म्हशीच्या कुशीला कपाळ टेकून बराच वेळ धार काढत राहिला.