शेवट सांगण्याचा तास

बाईंनी गोष्टीचं शेवटचं पान फाडून टेबलाच्या खणात टाकलं. त्यांची ही पद्धतच होती. शेवट ज्याचा त्याने सांगायचा, आणि तोही इंग्रजीत. घोकंपट्टीने कुणाला बोलता येत नाही, गोष्टीतल्या माणसाची कड घ्यावी लागली की जीभ आपोआप सुटते, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

वर्गात सगळ्यांची जीभ सुटलीही होती, एकटी मागच्या बाकावरची सोडून. लग्नानंतर सहा महिने ती परदेशात नवऱ्याकडे राहून आली होती. आता कायमचं जायचं तर इंग्रजीची परीक्षा हवी, आणि तीत ती दोनदा नापास झाली होती. निवृत्त सासरे रोज सोबत यायचे, तास संपेपर्यंत दाराबाहेर पेपर वाचत बसायचे. बाईंच्या लेखी ती म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आजच्या गोष्टीत नवऱ्याचं पत्र आलेलं असतं आणि बायको ते फोडते. पुढचं पान खणात.

कुणी न सांगता ती उठली. बायकोने पत्र वाचलं, ती इंग्रजीत म्हणाली, पण वाचता येत नाही असंच घरी सांगत राहिली. वाचता येतं हे घरी कळलं असतं, तर तिला परत त्याच्याकडे धाडलं असतं. तो मारतो, हे पत्रात नव्हतं.

एकही चूक नाही! बाईंना राहवेना. त्या तडक दाराशी गेल्या.

"अहो, तुमच्या सूनबाई तयार झाल्या! काय फाडफाड बोलल्या!"

सासरे पेपर टाकून उठले. "काय सांगता! आजच फॉर्म भरतो. सूनबाई, बोल बघू काहीतरी."

ती दारात आली होती. तिने बाईंकडे पाहिलं मात्र, तिने सांगितलेला शेवट बाईंना आत्ता कळला. चुका शोधण्याच्या नादात त्यांनी गोष्ट ऐकलीच नव्हती.

"तुमचं नाव काय?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

ती मान खाली घालून गप्प.

"हे काय, बाई?" सासरे म्हणाले.

"माझंच चुकलं. कुणाचं तरी पाठ करून म्हटलं यांनी." आपल्या विद्यार्थ्याला बाईंनी आजवर चारचौघांत ढ ठरवलं नव्हतं. "अजून अगदीच कच्च्या आहेत."

"मग पुढची परीक्षा?"

"तीन महिन्यांनी."

"मग उद्यापासून मीही आत बसतो," सासरे मनापासून म्हणाले. "घरी हिचा अभ्यास घ्यायला बरं पडेल."